माळ्यावरचा लॅपटॉप आणि विहिरीची पाळी



आपल्या घरच्या माळ्यावर काय काय असते ते एकदा डोळ्यांपुढे आणा. फुटकी कणगी, जुना पाळणा, रेडिओचे खोके, लग्नातल्या पत्रिकांचा गठ्ठा. आणि हल्ली काही घरांतून त्याच ढिगात एखादा जुना लॅपटॉपही निघतो. चालत तर नाही, टाकवतही नाही. मग एक दिवस भंगारवाला दारात आला की घरातले कोणीतरी म्हणते, देऊन टाका, तेवढीच अडगळ कमी. आज मी जे सांगणार आहे ते एवढ्यासाठीच की तो भंगारवाला आमच्याही दारात आला होता, आणि लॅपटॉप त्याच्या तराजूत बसला होता.

हा लॅपटॉप आमच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे दोन नंबरचे बंधू. २००१ साली त्यांनी तो पुण्याहून जुनाच घेतला. आत विंडोज ९८ आणि मराठी लिहायला श्रीलिपी. तरुणपणी मराठी टंकलेखन शिकलेला माणूस, त्यामुळे बोटे आपोआप चालत. दूध संस्थेची पत्रे, यात्रेचा जमाखर्च, घरातली कागदपत्रे, सगळे ते त्यावर टाइप करीत. २०११ साली अण्णा गेले. वहिनींनी लॅपटॉप शालीत गुंडाळला, वरून खताची रिकामी गोणी घातली आणि माळ्यावर ठेवला.

आता विहिरीचे सांगतो. आम्ही चौघे भाऊ, विहीर एक. २००३ साली आमच्या भागात दुष्काळ होता, विहिरीने तळ दाखवला. तेव्हा चौघांनी मिळून गाळ काढला, विहीर आणखी खोल केली, पाइपलाइन टाकली. कोणी जास्त पैसे घातले, कोणी कमी. त्या हिशेबाने पाण्याची पाळी नव्याने ठरली. अण्णांनी ती टाइप करून छापली, चौघांनी सह्या केल्या आणि कागद थोरल्या दादांच्या पेटीत गेला. पेटीला वाळवी लागली. सात-बाराच्या इतर हक्कांत विहिरीतला हिस्सा लिहिलेला आहे, पण कोणाचे किती दिवस हे तिथे नाही. दादा गेले, अण्णा गेले. यंदा चैत्रात पाणी आटले आणि दादांचा मुलगा म्हणू लागला, आमचे तीन दिवस, धाकट्या काकांचा एक. धाकट्याकडचे म्हणत, आमचे दीड. मला विचाराल तर मला नक्की आठवेना, आणि आठवले असते तरी कोणी मानले नसते. अर्ध्या दिवसाच्या पाण्यावरून चुलतभावांचे बोलणे बंद झाले. मोटरीच्या खोलीला दोन कुलपे लागली. ज्यांच्या घरी सामाईक विहीर आहे त्यांना यापुढचे सांगायला नको.

अशात तो भंगारवाला आला. गोणी उतरवली गेली, आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "थांबा भावजी. पाळीचा कागद ह्यांनी ह्याच्यावरच लिहिला होता की."

तर मंडळी, जुन्या लॅपटॉपमधला मजकूर काढायचा म्हणजे काय करायचे, हे आम्ही तिथून शिकलो. चुका करीतच शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली चूक माझी. मी लागलीच चार्जर शोधून लावायला निघालो. धाकट्याचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्याने फोनवरच मला थांबवले. बारा-पंधरा वर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला लावायचे नसते. आधी बॅटरी बाहेर काढायची. ती फुगलेली, पाझरलेली असली तर टोचायची नाही, आपटायची नाही, चुलीत तर मुळीच टाकायची नाही. चार्जर दुसरा वापरायचा असेल तर त्याच्यावरचे व्होल्ट आणि यंत्राच्या पोटावर लिहिलेले व्होल्ट सारखे हवेत आणि पिनेची आतबाहेरची खूणही जुळायला हवी. हवा जाण्याच्या फटी बघायच्या. आमच्या लॅपटॉपच्या फटीत कुंभारणीने मातीचे घर केले होते. पावसाळी दमट जागेतून काढला असेल तर काही दिवस कोरड्या खोलीत नुसता ठेवून द्या. उन्हात ठेवू नका, लोणचे नव्हे ते.

आणि खरे सांगायचे तर यंत्र चालू होण्याची गरजच नसते. हे मला फार उशिरा कळले. लिहिलेले सगळे असते आतल्या हार्ड डिस्कमध्ये. पडदा फुटला, कळा उडाल्या, वायरी उंदराने कुरतडल्या तरी डिस्क शाबूत असू शकते. जसे घर पडले तरी पेवातले धान्य राहते.

धाकट्याचा मुलगा पुढच्या रविवारी आला. येताना तपकीर गल्लीतून चारपाचशे रुपयांचे एक अडॅप्टर घेऊन आला. दादांच्या मुलाने तेव्हाच तोंड वाकडे केले. त्याचे म्हणणे, हाच डिस्क काढणार, हाच वाचणार, आणि याच्याच बापाचा दावा. उद्या ह्याने त्यात दीड लिहून ठेवले तर आम्हाला काय कळणार? वहिनींना ते लागले, पण मला विचाराल तर पोरगा चुकीचे बोलला नाही. म्हणून ठरले की जे करायचे ते ओसरीवर, सगळ्यांच्या समोर करायचे.

त्या काळच्या लॅपटॉपची डिस्क हाताच्या तळव्याएवढी, अडीच इंची. एकदोन स्क्रू काढले की झाकणाखालून सरकून येते. तिच्या एका कडेला बारीक टाचण्यांच्या दोन रांगा असतात, एकूण ४४ टाचण्यांची ही जोड. त्यांतली एक मधली टाचणी बहुधा मुद्दामच नसते, तुटली म्हणून घाबरू नका. बाजूला थोड्या अंतरावर आणखी चार टाचण्या असतात, त्यांच्यावर जोड बसवायची नसते. जोर लावला की टाचण्या वाकतात. अडॅप्टरचे दुसरे टोक नव्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचे. डिस्क फिरू लागली की मंद घूं असा आवाज येतो. तो ऐकून वहिनी पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. पण आवाज टक्-टक्, टक्-टक् असा येत राहिला तर त्याच क्षणी काढून ठेवा. ती डिस्क आतून जखमी असते आणि प्रत्येक फेऱ्याला जखम वाढते. अशा वेळी तिचे झाकण उघडून बघू नका, फ्रिजमध्ये ठेवण्याचे ऐकीव उपायही करू नका. डेटा काढून देणारे जाणकार मोठ्या शहरांत असतात. महाग पडतात, पण ते काम त्यांचेच.

आता सगळ्यात महत्त्वाचे. नवा कॉम्प्युटर जुनी डिस्क पाहून कधी कधी विचारतो, ही फॉरमॅट करू का? नाही म्हणा. दहादा विचारले तरी नाही म्हणा. आणि मूळ डिस्कवरची फाइल उघडून तिथल्या तिथे सेव्ह करू नका. विंडोजला जोडले तरी ते आपल्या काही नोंदी डिस्कवर करते. आमच्या पोराने म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केले आणि डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडली, लिहिण्याचा दरवाजा बंद ठेवून. मग तिची हुबेहूब प्रत काढली. डीडीरेस्क्यू नावाचे फुकट मिळणारे साधन त्यासाठी आहे. ते आधी चांगला भाग भराभर उचलते आणि खराब जागेशी मागाहून पुन्हा पुन्हा झटते. चांगली कणसे आधी खुडावीत आणि किडकी शेवटी निवडावीत तसे. आमच्या डिस्कचा थोडा भाग खराब होताच. प्रतीला रात्र लागली. दादांचा मुलगा ओसरीवरच झोपला, राखणीला. सकाळी मूळ डिस्क कागदात गुंडाळून, वर सगळ्यांच्या सह्या करून वहिनींच्या कपाटात ठेवली आणि पुढचे सगळे काम प्रतीवर केले. एकाच प्रतीच्या दोन नकला काढून एकेक दोघांना दिली, तेव्हा कुठे ओसरीवर पहिल्यांदा चहा फिरला.

फायली सापडायला वेळ लागला नाही. अण्णांनी नीट कप्पे केले होते. 'विहीर पाळी' नावाची फाइल मिळाली, तारीख २००३ ची. सगळे पुढे सरकले. पोराने ती उघडली आणि पडद्यावर आले काय, तर इंग्रजी अक्षरे, चिन्हे, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर. कुत्र्याने पाटीवर पाय फिरवावेत तसे. दादांचा मुलगा म्हणाला, "खराब झाली. झालं, मिटलं."

खराब काही झाले नव्हते. हे नीट समजून घ्या, कारण मराठी घरांतल्या पुष्कळ जुन्या फायली इथेच टाकून दिल्या जातात.

आडतीत पोत्यांवर व्यापारी आपापल्या खुणा घालतात. खुणेची वही असेल तर कळते हा माल कोणाचा, नसेल तर नुसते गिचमिड. तसेच आहे. त्या काळच्या कॉम्प्युटरला मुळात मराठी अक्षर ठाऊकच नव्हते. इंग्रजी अक्षरांना जे क्रमांक दिलेले होते, त्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कुठे अर्धा व, कुठे काना, कुठे नुसती मात्रा. फाइलमध्ये क्रमांक तेवढे साठत आणि फॉन्ट ते क्रमांक मराठीत रंगवून दाखवी. पुण्याचीच श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे फॉन्ट, शिवाय आकृती वगैरे. प्रत्येकाची खुणेची वही वेगळी. म्हणून एकाचे लिहिलेले दुसऱ्यात वाचता येत नसे. हल्ली आपण फोनवर जे मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच स्वतःचा क्रमांक. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची आणि तिच्यात देवनागरी होतीच. पण विंडोजमध्ये ती नीट चालू लागली विंडोज २००० पासून. अण्णांचे यंत्र त्याच्या आधीचे.

मग वही कुठून आणायची? फाइलमधल्या त्या गिचमिडावर बोट ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत पाहिले की फॉन्टचे नाव दिसते, तो फॉन्ट आपल्याकडे नसला तरीही. नाव कळले की फॉन्ट शोधायचा. आम्ही फोनाफोनी करू लागलो, आणि पोराने कपाळावर हात मारला. फॉन्ट होते कुठे, तर त्याच डिस्कवर, विंडोजच्या कप्प्यातल्या फॉन्ट्सच्या कप्प्यात. किल्ली कुलपाशेजारच्याच खुंटीला. म्हणून मंडळी, जुन्या यंत्रातून नुसती कागदपत्रे उचलून आणू नका, तो फॉन्टांचा कप्पाही आणा. फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर बसवला, फाइल पुन्हा उघडली आणि अण्णांची मराठी जशीच्या तशी पडद्यावर आली. वर 'श्री', खाली गावाचे नाव आणि मिती.

इथे दोन गोष्टी मधेच सांगून टाकतो. वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या वर्डच्या फायली नवे वर्ड कधी कधी उघडायलाच नकार देते. अशा वेळी लिब्रे ऑफिस नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर वापरा. ते जुने वर्ड, वर्ड परफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स अशा पुष्कळ प्रकारांच्या फायली वाचते. आणि यंत्र त्याहून जुने, काळ्या पडद्याचे असेल तर त्यात वर्डस्टार निघेल. त्याची कागदपत्रे साध्या साधनात उघडली तर प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसते, कारण ते सॉफ्टवेअर शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आपली एक खूण करून ठेवी. फाइल नासलेली नसते, ती खूण काढून टाकणारी साधने मिळतात.

तर फाइल उघडली. दाखवताना सगळ्यांच्या फोनवर जावी म्हणून पोराने आधी ती युनिकोडमध्ये रूपांतर करून पाठवली. तसे रूपांतर करणारी साधने आहेत. पण त्यांचे काम सोपे नसते. 'विहीर' शब्दात जुना फॉन्ट आधी वेलांटी ठेवतो मग व, कारण दिसते तसे. युनिकोड आधी व ठेवतो मग वेलांटी, कारण बोलतो तसे. 'खर्च' मधला रफार जुन्यात च नंतर येतो, नव्यात च च्या आधी. सगळी अदलाबदल करावी लागते. त्यात काही सांडते.

आमचे काय सांडले ते ऐका. फोनवर आले: पाळी आठ दिवसांची. थोरले २, दुसरे २, तिसरे २, धाकटे १.

दादांचा मुलगा उठून उभा राहिला. "बघा! एक! मी काय सांगत होतो?" धाकटा गप्प. त्याचा पोरगा पांढरा पडला. मलाही वाटले, संपले. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांनी फोनवरचे वाचले, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाल्या, "अरे, वर आठ दिवसांची पाळी लिवलीय. दोन, दोन, दोन आन् एक. सातच झाले की. एक दिवस पाणी प्यालं कोण?"

मग सगळे मूळ फाइलवर वाकले, अण्णांच्या फॉन्टातल्या. तिथे होते थोरले २॥, दुसरे २, तिसरे २, धाकटे १॥. अण्णा जुन्या हिशेबाचे. दीड लिहायचे तर एकावर दोन उभ्या रेघा. आमच्या शाळेत असेच शिकवीत. रूपांतर करणाऱ्या साधनाला त्या रेघांचा अर्थ कुठला कळायला? त्याने त्या गाळून टाकल्या. थोरल्यांचा अर्धा गेला, धाकट्याचाही अर्धा गेला. आणि बेरीज आता आठ.

दादांचा मुलगा खाली बसला. तीन त्याचेही नव्हते. पण स्वतःचा अर्धाही गेला होता तो परत आला, हेही त्याच्या ध्यानात आले असावे. तो एवढेच म्हणाला, "दोन रेघा नसत्या वाचल्या तर मी ह्यांना कोर्टात खेचणार होतो." मोटरीच्या खोलीचे त्याचे कुलूप दुसऱ्या दिवशी निघाले. बोलणे अजून पूर्ववत नाही, ते खोटे सांगत नाही. पण पाळी चालू आहे, आणि वीज रात्रीची असली की दोघे आळीपाळीने मोटर बघतात.

तेव्हा रूपांतर केलेला मजकूर मूळ फॉन्टातल्या पानाशेजारी ठेवून ओळीओळीने ताडा. आकडे, पाव-अर्ध्या-पाऊणच्या रेघा, जोडाक्षरे, गट नंबर हे दोनदा. मूळ दिसते तसे पान पीडीएफ करून ठेवा, त्यात फॉन्ट सोबत बांधला जातो, मग कुठल्याही फोनवर अक्षर बिघडत नाही. आणि कागदावर छापून घरात ठेवा. आणखी एक: असा टाइप केलेला, सही नसलेला मजकूर म्हणजे खरेदीखत नव्हे. कोर्टापर्यंत जाण्याची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडावा लागतो, म्हणून मूळ डिस्क न बिघडवता जपून ठेवा आणि वकिलाला विचारा. आम्ही नवा कागद केला, चौघांकडच्या सह्या घेतल्या, अर्धे आकड्यात आणि अक्षरातही लिहिले.

फ्लॉपींचे राहिले. अण्णांच्या तीन फ्लॉपी निघाल्या. दोनांवर बुरशी. बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, ड्राइव्हचे डोके खराब होते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. तिसऱ्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडे केले, म्हणजे तिच्यावर चुकूनही लिहिले जात नाही, आणि यूएसबीच्या ड्राइव्हने ती वाचली. यात्रेचा जमाखर्च निघाला. देणगीदारांची नावे वाचून गावात दोन दिवस करमणूक झाली.

वहिनींना मात्र यातले काहीच नको होते. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग पोराला हळूच विचारले, "ओव्यांची फाइल हाय का रे?" आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. अण्णा रात्री आईपुढे लॅपटॉप घेऊन बसत, आई डोळे मिटून म्हणे, हे टाइप करीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, लाल मिलोच्या भाकरीची, सुकडीची ओवी त्यात होती हे मलाही आठवते. फाइल सापडली, पण ती नेमकी डिस्कच्या खराब भागावर. वर्डने उघडली नाही. मग पोराने वर्डमधली, कुठल्याही फाइलमधून नुसता मजकूर ओढून काढण्याची सोय वापरली. आले ते सगळे गिचमिड, फॉन्टाची खूणही गेलेली. सगळे निवडून त्याला अण्णांचा फॉन्ट लावला, आणि निम्म्याहून थोडे अधिक वाचता आले. पुढे पानेच्या पाने चौकोन.

वहिनींनी जेवढे आले तेवढे छापून घेतले. आता त्या दुपारी माझ्या नातीला शेजारी बसवतात. छापलेली ओवी संपते तिथून पुढची आठवून म्हणतात, आणि नात फोनवर लिहून घेते, युनिकोडमध्ये. काल एका ठिकाणी दुसरी ओळ काही केल्या आठवेना. म्हणून आज सकाळी त्यांनी आमच्या थोरल्या बहिणीला फोन लावला आहे. ती आईच्या शेजारी बसून दळायची. तिला आठवते का पाहायचे.